हात बांधून वाचा फुटत नाही

‘घरात हातवारे करू नका. एकदा सवय लागली की तो बोलायचे कष्ट घेणार नाही.’ मूल कर्णबधिर असल्याचं निदान झालं की आईवडिलांना मिळणाऱ्या पहिल्या चार सल्ल्यांत हा एक हमखास असतो. देणारी माणसं वाईट नसतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ असतात, वाचा-उपचार करणारे असतात, विशेष शाळेत उभी हयात घालवलेल्या बाई असतात. मुलाने चार लोकांत बोलावं, त्याचं कुणावाचून अडू नये, ही त्यांची तळमळ खरी असते. म्हणूनच या सल्ल्याशी वाद घालणं अवघड जातं आणि म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. पण तो चुकीचा आहे. त्याने मुलांचं जे नुकसान होतं ते पुढे कुठल्याही यंत्राने आणि कुठल्याही सवलतीने पुरतं भरून निघत नाही.

मुळात इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ऐकू न येणं ही एक आणि भाषा न मिळणं ही दुसरी. सत्तरीतल्या आजोबांना ऐकू येईनासं झालं तर त्यांचे हाल होतात, ते एकटे पडतात, पण त्यांची मराठी शाबूत असते. ते पेपर वाचतात, चिठ्ठी लिहून देतात, मनातल्या मनात भांडतातसुद्धा. त्यांना चांगलं श्रवणयंत्र आणि थोडी धीराची माणसं मिळाली की बरंच काही सावरतं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाजवळ ही शिदोरी नसते. घरात दिवसभर चाललेलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि जी भाषा त्याला डोळ्यांनी घेता आली असती तिच्यावर आपण बंदी घालतो. बाळाच्या मेंदूला भाषा हवी असते. ती कानातून आली की डोळ्यांतून, याची त्याला फिकीर नसते. आईवडील दोघंही कर्णबधिर असलेल्या घरात हे स्पष्ट दिसतं. तिथली बाळं हातांनी बोबडं बोलतात आणि ऐकणारी बाळं पहिले शब्द बोलतात साधारण त्याच वयात पहिल्या खुणा करतात. अशी घरं मात्र थोडी. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात. त्यांच्या बाबतीत पहिली चार-पाच वर्षं, म्हणजे भाषा आपोआप रुजायचा काळ, ‘आधी बोलू दे, मग बघू’ म्हणत निघून जातो. हा काळ हुकला की पहिलीच भाषा पुढे शिकताना व्याकरण कायमचं लंगडं राहतं, असं या विषयाचा अभ्यास करणारे कितीतरी वर्षं सांगत आहेत. ‘मंद आहे’, ‘चिडका आहे’, ‘समजच कमी’ असे शिक्के ज्या मुलांवर बसतात, त्यांतल्या अनेकांच्या कानांपेक्षा या रिकाम्या वर्षांचा दोष जास्त असतो.

माझा थोरला भाऊ जन्मतः कर्णबधिर आहे. लहानपणी त्याच्या छातीवर, कापडी खिशात, श्रवणयंत्राची डबी असायची आणि तिच्यातून निघालेल्या वायरी कानांपर्यंत गेलेल्या असायच्या. संध्याकाळी आई त्याला समोर बसवून ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. ‘फ’ म्हटलं की पट्टी उडाली पाहिजे, ‘प’ला जेमतेम हलली पाहिजे. ‘ब’ म्हणताना गळ्यावर ठेवलेल्या बोटांना थरथर जाणवली पाहिजे, ‘म’ म्हणताना ती नाकाच्या कडेला जाणवली पाहिजे. आईची चिकाटी विलक्षण होती आणि दादाला हे सगळं जमायचंही. पण एखाद्या दिवशी तो शाळेतून रडत आला की का रडतोय ते कुणालाच कळायचं नाही. कुणी मारलं की पोटात दुखतंय, भूक लागलीय की कशाची भीती वाटतेय, हे सांगायला त्याच्याजवळ काही नव्हतं. ‘प’ आणि ‘फ’ येत होते, भाषा येत नव्हती.

ती त्याला मिळाली पुढे वसतिगृहात राहायला गेल्यावर. वर्गात हात हलवला की त्याच हातावर पट्टी बसायची. जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री निजायच्या वेळी मोठी मुलं लहानांना खुणा शिकवायची. कुणी नेमलेलं नसताना, पुस्तक नसताना, मार खाऊनही त्या मुलांनी भाषा पुढच्या तुकडीकडे पोचवली. एका सुट्टीत दादा घरी आला तो गोष्टी सांगतच. वर्गातल्या कुणाची खोडी कशी काढली, कुणाची चप्पल कुठे लपवली, सगळं हातांनी, चेहऱ्याने. आईने तेव्हा सल्ला बाजूला ठेवला आणि त्याच्याकडून खुणा शिकायला बसली. त्यानंतर त्याच्या तोंडून येणारे शब्द कमी झाले नाहीत. उलट वाढले, कारण आता त्याला कुठल्या शब्दाने काय सांगायचं ते ठाऊक होतं.

एका घरावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला मान्य आहे. म्हणून सल्ला देणाऱ्यांनाच विचारते: खुणांमुळे मूल बोलायचं थांबतं, याला पुरावा काय? जो उल्लेख होतो तो अनुभवाचा. ‘आमच्याकडे खुणा करणारी मुलं बोलत नाहीत.’ इथे कार्यकारणभाव उलटा लावलेला असतो. ज्या मुलाला बोलणं जमलं नाही, तेच शेवटी नाइलाजाने, आठव्या-दहाव्या वर्षी खुणांकडे पाठवलं जातं. तोवर भाषेचं वय उलटून गेलेलं असतं. मग त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, पाहा, खुणांनी याचं काय झालं! ज्यांना लहानपणापासून पक्की सांकेतिक भाषा मिळाली ती मुलं वाचायला-लिहायला शिकण्यात मागे पडत नाहीत, बऱ्याचदा पुढेच असतात. पहिली भाषा भक्कम असेल तर दुसरी तिच्या आधाराने शिकता येते. घरी कोंकणी, कन्नड किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांबद्दल हे आपण मान्य करतो. कर्णबधिर मुलाबद्दलच का करत नाही?

ओठवाचनावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक करून पाहावं. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता, ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ म्हणावं. ओठांची हालचाल तिन्ही वेळा तीच. स्वयंपाकघरात ‘पीठ दे’ आणि ‘मीठ दे’ यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. क, ख, ग, घ तर घशापाशी उमटतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. ज्याला मराठी आधीच येते तो संदर्भाने गाळलेल्या जागा भरतो. ज्याला मराठी अजून यायची आहे, त्याने ती या गाळलेल्या जागांतून शिकावी, ही अपेक्षा किती क्रूर आहे याचा विचार व्हायला हवा. समोरच्याला भरघोस मिशा असतील, तोंडावर मास्क असेल, शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवत असतील तर उरलंसुरलंही गेलं.

आता सगळ्यात जोरकस मुद्दा: कॉक्लिअर इम्प्लांट. आता शस्त्रक्रियेने ऐकू येतं, मग खुणा हव्यात कशाला? इम्प्लांटने अनेक मुलांचं आयुष्य बदललं आहे. वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेली, ज्यांच्याशी घरी भरपूर बोललं जातं अशी, नियमित थेरपी मिळालेली मुलं साध्या शाळेत जातात, फोनवर बोलतात. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून एका मुलामागे काही लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, हे फार चांगलं आहे आणि ती आणखी मुलांना मिळावी. पण इम्प्लांट म्हणजे नवा कान नव्हे. त्याचा आतला भाग श्रवणाच्या मज्जातंतूला विजेचे संकेत देतो आणि त्या संकेतांचा अर्थ लावायला मेंदूला महिनोन्‌महिने, कधी वर्षंही लागतात. बाहेरचा प्रोसेसर आंघोळीला आणि झोपताना काढून ठेवावा लागतो. तो बंद पडला की मूल पुन्हा पूर्वीइतकंच बहिरं होतं. योजनेचा आधार मुख्यतः शस्त्रक्रियेला मिळतो. पुढे वायर तुटते, बॅटरी संपते, काही वर्षांनी प्रोसेसरच बदलावा लागतो, आणि तो खर्च मजुरी करणाऱ्या आईबापांच्या आवाक्याबाहेरचा असतो. मॅपिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर मुलाला जुळवून घेण्यासाठी, जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या शहरी पुन्हापुन्हा जायचं तर रोज बुडतो. काही मुलांचा श्रवणाचा मज्जातंतूच नीट वाढलेला नसतो, त्यांना इम्प्लांटचा उपयोगच होत नाही. एकाच वयात, एकाच डॉक्टरकडे शस्त्रक्रिया झालेल्या दोन मुलांच्या बोलण्यातही जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो, आणि कुणाचं काय होईल हे आधी छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि वेळेचं काय? जन्मानंतर महिन्याभरात कानांची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असं गणित जगभर मानलं जातं. आपल्याकडे सगळ्या प्रसूतिगृहांत ही पहिली, ओएई नावाची तपासणी होत नाही. मूल हाकेला ओ देत नाही हे आईला कळतं, पण घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘बोलेल उशिरा, याचा बापही उशिराच बोलला होता.’ मग निदान पक्कं करणारी बेरा तपासणी, मग श्रवणयंत्र लावून वाट पाहणं, मग योजनेची कागदपत्रं. हे सगळं होईपर्यंत मूल तीन-चार वर्षांचं होतं. या काळात त्याला भाषा कुठली द्यायची? इम्प्लांटचे पुरस्कर्ते याचं उत्तर देत नाहीत. सांकेतिक भाषेचं म्हणणं फार साधं आहे: आजपासून सुरू करा. इम्प्लांट यशस्वी झालं तर मुलाला दोन भाषा येतील, नाही झालं तरी एक येईलच. यात मुलाचं नुकसान काय, ते कुणीतरी मला दाखवून द्यावं.

हा हट्ट आला कुठून तेही पाहिलं पाहिजे, कारण तो आपला नाही. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेल्यांत बहुसंख्य ऐकणारे शिक्षक होते, त्यातही इटली आणि फ्रान्सचे जास्त. ज्यांच्याबद्दल ठराव करायचा ते कर्णबधिर जवळपास नव्हतेच. मौखिक पद्धत श्रेष्ठ आणि खुणा वर्गातून हद्दपार, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. युरोप-अमेरिकेत कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मुलांचे हात बांधले गेले. त्याच दशकात मुंबईत मूकबधिरांसाठीची देशातली सुरुवातीची शाळा उघडली, आणि पुढे इथल्या शाळाही त्याच वाऱ्याने गेल्या. १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकी अभ्यासकाने खुणांची भाषा ही पूर्ण भाषा असल्याचं शास्त्रशुद्ध मांडलं. २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला याच मालिकेतल्या परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले आणि त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. ज्यांनी बंदी घातली त्यांच्या वारसांनी ती मागे घेतली, आणि आपल्या कितीतरी वर्गांत ती अजून चालूच आहे.

‘पण ती कसली भाषा, नुसते हावभाव!’ हे शिकली-सवरलेली माणसंही म्हणतात. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते आणि भुवया, डोळे, मान प्रश्नाचं व्याकरण सांभाळतात. नकारही शेवटाकडे येतो. ‘मी तुला दिलं’ आणि ‘तू मला दिलंस’ यांतला फरक हाताच्या दिशेने होतो, त्यासाठी वेगळे प्रत्यय लागत नाहीत. ती मराठीची नक्कल नाही, हिंदीची किंवा इंग्रजीचीही नाही. प्रत्येक शहरात खुणा वेगळ्या असतात असाही आक्षेप घेतात. असतात, काही खुणा वेगळ्या असतात, जशी नागपूरची मराठी आणि मालवणची मराठी वेगळी असते. व्याकरण बहुतांशी एकच आहे. दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १० हजार नोंदी झाल्या आणि तो आता मोबाइलवरच्या साइन लर्न या अ‍ॅपमध्येही आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने ही भाषा माध्यमिक स्तरावर विषय म्हणून घेतली आहे. २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने सांकेतिक भाषेतून उभ्या राहिल्या. जी भाषा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात चालते, ती आपल्या पहिलीच्या वर्गात का चालू नये?

राहिला तो समाजाचा मुद्दा. ‘बाहेरच्या जगाला खुणा येत नाहीत, मग मूल त्यांच्याशी बोलणार कसं?’ हा मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय चुकीच्या माणसाला सांगितला जातो. कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात अलीपूर नावाचं गाव आहे. तिथे आनुवंशिक बहिरेपण बऱ्याच घरांत आहे, आणि गावाची स्वतःची खुणांची भाषा आहे. ती कर्णबधिरांइतकीच त्यांच्या ऐकणाऱ्या शेजाऱ्यांनाही येते. अलीपूरच्या माणसांना कुणी कोर्स घ्यायला लावला नव्हता. शेजाऱ्याशी बोलायची गरज त्यांना वाटली, एवढंच. आपण मात्र ज्याच्या कानांना ऐकू येत नाही त्यानेच आयुष्यभर ऐकण्याचा सराव करावा आणि ज्यांचे हात धडधाकट आहेत त्यांनी दोन खुणाही शिकू नयेत, अशी वाटणी करून ठेवली आहे.

या वाटणीचे परिणाम मोठेपणी दिसतात. दादाला एकदा छातीत दुखायला लागलं म्हणून मी त्याला एका रुग्णालयात नेलं. डॉक्टर मास्क न काढता माझ्याकडे बघून विचारत होते, ‘यांना कधीपासून दुखतंय?’ मी खुणांनी विचारलं, त्याने सांगितलं, मी मराठीत सांगितलं. त्यानंतरचे सगळे प्रश्न त्यांनी मलाच विचारले, त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. तिथे मी नसते तर? पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत, बँकेत, बाळंतपणाच्या खोलीत हेच घडतं. आणि ज्या स्त्रियांवर अत्याचार होतो, त्यांची साक्ष दुभाष्याअभावी कशी अडते याचा विचार करायलाही मन धजत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख माणसांची नोंद श्रवणदोषाखाली झाली होती. इतक्यांना आपण प्रत्येक कचेरीत बहीण-भाऊ सोबत आणायला सांगणार आहोत का?

जनजागृतीचे कार्यक्रम होतात. ३ मार्चला जागतिक श्रवणदिन, २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषा दिन. शिबिरं भरतात, श्रवणयंत्रं वाटली जातात, गरोदरपणी रुबेलाचा धोका, नवजात बाळाची तीव्र कावीळ, डीजेच्या भिंतींसमोर नाचणाऱ्यांचे कान यांबद्दल सांगितलं जातं. हे सगळं हवंच. बालपणीचं बहिरेपण बऱ्याच अंशी टाळता येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते टाळलं जावं यासाठी राबणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेविकेला माझा नमस्कार. पण या व्यासपीठांवर कर्णबधिर माणूस क्वचितच दिसतो. दिसला तर सत्कारापुरता, आणि दुभाषा नसल्यामुळे स्वतःच्याच सत्काराचं भाषण त्याला कळत नाही. बहिरेपण टाळायचं कसं हे लोकांना कळलं. बहिऱ्या माणसाबरोबर राहायचं कसं, हे सांगायला कुणी उभंच राहिलं नाही.

कायदा मात्र या बाबतीत शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या आणि आपल्या सगळ्यांच्या पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं १७ वं कलम सांकेतिक भाषा येणारे शिक्षक तयार करा आणि नेमा असं सांगतं, आणि त्यांत दिव्यांग शिक्षकही असावेत हेही सांगतं. त्याच कलमात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याचीही तरतूद आहे. मला दिसतं ते असं, की आपल्या शाळांनी सूट तत्परतेने घेतली आणि शिक्षक मात्र नेमले नाहीत. मुलाला पहिलीच भाषा दिली नाही तर दुसरीतून माफी देऊन त्याच्या हाती काय लागतं? ‘असे शिक्षक मिळत नाहीत’ ही सबबही आता चालणार नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली, सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका आहे आणि ती कर्णबधिरांनाच डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. दुभाष्यांसाठी वेगळी पदविका आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी आहे. माणसं तयार होऊ शकतात, फक्त त्यांच्यासाठी पदं मंजूर व्हायला हवीत.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांची, यंत्र किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय होण्याआधी, एखाद्या कर्णबधिर प्रौढाशी दुभाष्यासह भेट घडवून आणावी. नोकरी करणारा, संसार करणारा, हसणारा-भांडणारा कर्णबधिर माणूस आईने एकदा डोळ्यांनी पाहिला की तिची निम्मी भीती तिथेच जाते. दुसरी मागणी अनुदानित मूकबधिर शाळांच्या तपासणीची. इमारत, पटसंख्या, श्रवणयंत्रं, ध्वनिरोधक खोली हे सगळं तपासलं जातं, ते जावंच. त्या तपासणीच्या फॉर्मवर आणखी दोन रकाने छापावेत आणि ते रिकामे असतील तर अनुदानाच्या पुढच्या हप्त्याआधी संस्थेकडून खुलासा मागवावा: शाळेत भारतीय सांकेतिक भाषा येणारे शिक्षक किती, आणि त्यांतले स्वतः कर्णबधिर किती.